शनिवारी चूल कोणी पेटवली

परत येऊन महिना होत आला. आमच्या स्त्रीमंडळाच्या बायका अजून विचारतात, बालाघाट म्हणजे नेमकं कुठे, घाट चढावा लागतो का, बघण्यासारखं काय आहे. घाट मला कुठे दिसला नाही. गोंदियाहून निघालं की बाघ नदी लागते, पलीकडे राजेगाव, तिथून मध्य प्रदेश सुरू, आणि तसंच पुढे गेलं की बालाघाट. बघण्यासारखं बरंच असावं. साग आहे, बांबूची रानं आहेत, वैनगंगा आहे. पण मी हे सगळं भेदरलेल्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा माझ्या वर्णनावर कोणी सहलीचा बेत आखू नये.

आधी आम्ही कोण ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमचे वाडवडील गावोगाव तेलाची घाणी चालवत आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, म्हणून ती बंद ठेवत. त्यावरून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. माझ्या पणजोबांची घाणी पेणजवळ होती. मी स्वतः ठाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे आणि तेलाशी संबंध फोडणीपुरता.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शालोमकाकांनी वर्तमानपत्रातला बालाघाटकडचा एक फोटो कापून आणला आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांच्या हातात दिला. काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, रेल्वेत गार्ड होते, आता बहात्तर वर्षांचे. फोटोत एक बाई झाडाची साल सोलत होती आणि तिच्या मांडीवर पोट फुगलेलं मूल. काका म्हणाले, "उपाशी माणसाला खायला घाला असं आपल्या पुस्तकात आहे. तो आपल्यातला असावा असं त्यात कुठे लिहिलंय मला दाखवा." कोणी दाखवलं नाही. मंडळाने दूधपावडरची पोती जमवली, जुलाब थांबवायच्या गोळ्या जमवल्या. सोबत जायला काका तयारच होते. दुसरं कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नर्स, लग्न झालेलं नाही, मागे कोणी नाही. मी पालीला भिते, लिफ्टला भिते, मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला भिते, हे कोणी विचारात घेतलं नाही, आणि नाही म्हणायचीही मला भीतीच वाटली.

गोंदिया

काकांचा भाचा बेन्यामिन गोंदियाला रेल्वेत आहे. त्याच्या बायकोने आम्हाला गरम भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी वाढली. जवसाची चटणी मी पहिल्यांदाच खाल्ली; आमच्या तिळाच्या चटणीपेक्षा कडवट, पण भातावर तेल घालून कालवली की मागून मागून घ्यावीशी वाटते. मी तिसऱ्यांदा घेत होते तेव्हा बेन्यामिनने विषय काढला.

"काका, दूरच्या शहरात दंगल होऊन गेली ते वाचलं असेल. दंगल तिकडे, पण अफवा इथवर आल्या आहेत. मुसलमान दुधात काहीतरी कालवतात, मुलं नासवतात, असं बोलतात लोक. तुम्ही दूधच घेऊन निघालात. आणि ते शालोम, शालोम जरा बेताने. इकडे लोकांना ते सलाम ऐकू येतं."

"माझं नावच ते आहे," काका म्हणाले. "त्याचा अर्थ शांती."

"अर्थ विचारायला कोण थांबतंय?"

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. बेन्यामिनने पुढचंही सांगितलं. शंभर मुलांची पेज शिजेल एवढी भांडी बालाघाटपलीकडे वारासिवनीच्या कादरभाईंकडे आहेत. ते लग्नाकार्याचे आचारी. बेन्यामिनच्या मुलीच्या बारशाला त्यांनीच रांधलं होतं. त्यांना त्याने दोनदा विचारलं होतं, अशा दिवसांत याल का, आणि ते दोन्ही वेळा हो म्हणाले होते.

राजेगावच्या आत

आम्हाला जायचं ते गाव राजेगावपासून कोसभर आत होतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. कोकणात खाचर कोरडं पडलं तरी कडेला हिरवं काही असतंच. इथे माती भेगाळून तिच्या खपल्या उचलल्या होत्या. मोहाच्या झाडाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. मला वाटलं देवपूजेला; गाडीवान म्हणाला, "खायाले नेऊन राह्यल्या, बाई. उकडून खातेत."

उतरायची सोय दयाराम पटेलांकडे होती. इकडे गावच्या मुख्य माणसाला पटेल म्हणतात. पन्नाशीचा, रुंद हाडाचा माणूस. ओसरीवर खाट टाकली, पाणी दिलं आणि पाणी पिऊन व्हायच्या आत विचारलं, "कोन जात होय तुमची?"

काका हातपाय धुवायला मागे गेले होते. मी एकटी होते. बेन्यामिनचं बोलणं कानात होतं, आणि मी म्हणाले, "तेली. शनवार तेली."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तेली? आपन बी तेलीच ना, बाई. पर शनवार काहून? आपली घानी सोमवारी बंद राह्यते, महादेवाचा वार."

"आमची शनिवारी बंद असायची."

"असन बा, कोकनात शनीदेवाचं असन." त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं आणि आत हाक मारली, "अवो, पोहे कर. आपल्यातलेच पाव्हने आले."

मी खोटं बोलले नव्हते. लोक आम्हाला तेच म्हणत. पण त्यांना जे समजलं ते खरं नाही हे मला ठाऊक होतं आणि मी पोहे खाल्ले. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मिशी ओढली. म्हणाले, "उद्या नीट सांगून टाक." दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

पेजेची जागा आम्ही गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत धरली. सगळ्यात वाईट हाल तिथल्या मुलांचे होते. गावातल्या सरकारी जेवणाच्या केंद्रावर त्यांना वेगळं बसवत, म्हणून ती जात नसत. वस्तीच्या गिरजाबाईने आपलं अंगण सारवून दिलं. साठीची, वाळकी, बोलायला फटकळ. मला पाहून पहिलं वाक्य बोलली, "बाई, तू तं आमच्याहून भेलेली दिसते."

कादरभाई राइस मिलच्या ट्रकमधून दोन मोठे देग, म्हणजे लग्नातली रांधायची भांडी, घेऊन आले. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, खांद्यावर कायम पंचा. दूधपावडर उकळत्या पाण्यात टाकली तर गाठी होतात, आधी कोमट पाण्यात फेटायची, हे त्यांनी मला दाखवलं. मी दवाखान्यात पंधरा वर्षं पावडर कालवते आहे आणि पंधरा वर्षं गाठी चमच्याने फोडते आहे. तांदळाची पेज झाली की ते त्यात दूध सोडत आणि गुळाचा खडा टाकत. पेज हा शब्द तिकडेही आहे याचं मला फार बरं वाटलं. आमच्याकडे ती आजाऱ्याला देतात, तिकडे गरिबाचं रोजचं जेवण.

पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. दुसऱ्या दिवशी चाळीस. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना आयांनी कडेवर आणलं. गिरजाबाईचा नातू, दोन वर्षांचा, मान धरत नव्हता. त्याला मी चमच्याने भरवत होते. हा देग आठवडाभर रोज चढला तर हे मूल वाचेल, आणखीही सात-आठ वाचतील, असा माझा नर्सचा अंदाज होता. एक दिवसही खंड पडला तर काही सांगता येत नव्हतं. भीती मला होतीच, पण तेव्हापासून ती माझ्या स्वतःसाठी कमी आणि त्या देगासाठी जास्त झाली.

शुक्रवार

दिवस मावळताना मी पटेलांच्या ओसरीवर काचेच्या पेल्यात पाणी घातलं, वर जवसाचं तेल सोडलं आणि वात लावली. शब्बाथचा दिवा; आमचा शब्बाथ शुक्रवारी मावळतीलाच लागतो. पटेलीणबाई येऊन दिव्याला हात जोडून गेल्या. काकांनी हळू आवाजात हिब्रू प्रार्थना म्हटली. तेवढ्यात कादरभाई दुसऱ्या दिवशीच्या तांदळाचं विचारायला आले. शब्बाथ लागला की आमच्यात एक रीत आहे: समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग आपलीच बोटं ओठांना लावायची. काकांनी कादरभाईंचे हात तसे घेतले, बोटं ओठांना लावली आणि म्हणाले, "शब्बाथ शालोम."

कादरभाईंना काय समजलं कोण जाणे. त्यांनीही आपला हात छातीला लावला आणि म्हणाले, "सलाम, चचा."

रस्त्यावरून दोन माणसं चालली होती. ती थांबली, त्यांनी पाहिलं आणि एकमेकांशी काही बोलत निघून गेली. मी काकांना म्हणाले, कशाला करता हे. ते म्हणाले, "माझ्या नातवंडांएवढ्या लेकरांना रांधून घालतो तो. मी त्याचा हात धरू नको?"

मग प्रश्न आला शनिवारच्या चुलीचा. शब्बाथला आम्ही विस्तव पेटवत नाही. काका म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचाच, हा हुकूम आहे. चूल तू पेटव किंवा मी पेटवतो." लहानपणापासून मी शनिवारी काडी ओढलेली नाही. माझा हात धजेना. मी म्हणाले, "कादरभाई आहेतच, ते पेटवतील." काकांना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही.

शनिवार

सकाळी कादरभाईंनी चूल पेटवली. काका मागच्या परसात शाल पांघरून प्रार्थनेला बसले होते. मुलं भिंतीला टेकून वाट्या घेऊन बसली होती. पेजेला कढ आला तेव्हा वस्तीच्या तोंडाशी आठ-दहा माणसं आली. हातांत काठ्या. पुढे दोघं, कालचेच. मागे दयाराम पटेल, धापा टाकत. बहुधा त्यांना आवरायला आले असावेत.

"हे मुसलमान होत," त्यातला उंच माणूस म्हणाला. "बुढा सलाम करते, हात चुमते. दुधात काय मिसळून राह्यले, पाहू द्या."

पटेल म्हणाले, "अरे, नाही ना बा. हे आपले तेली होत. बाई, सांग ह्याइले."

आता सांगायचं सोपं होतं. आम्ही यहुदी आहोत आणि हा आमचा माणूस आहे. एवढंच. पण काठी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्या टोकाला लोखंडाची कडी होती, ती मला अजून दिसते. मी म्हणाले, "आम्ही तेलीच. शनवार तेली. शनिवारी आमचं काम बंद असतं."

उंच माणूस हसला. "आज शनवारच हाय. मंग चूल काहून पेटली?"

आणि मी हात करून दाखवलं. म्हणाले, "ती मी नाही पेटवली. त्यांनी पेटवली."

वाक्य शब्दशः खरं होतं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि सगळे माझ्यावरून वळून कादरभाईंकडे पाहू लागले. ते पळी हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. समजलं, एवढंच होतं.

पहिली काठी त्यांच्या दंडावर बसली. दोघांनी बांबू घालून देग कलंडवला. पांढरी पेज अंगणभर पसरली, सारवलेल्या जमिनीवरून मुलांच्या पायांपर्यंत गेली. दुसरी काठी उठली तेव्हा परसातून काका धावत आले. बहात्तर वर्षांचा माणूस, अंगावर पांढरी झालरीची शाल, पाय अनवाणी. ते कादरभाईंच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"मी यहुदी आहे," ते म्हणाले. "तेली म्हणा, काहीही म्हणा. ह्या माणसाला मी आणलंय. त्याला मारायचं तर आधी मला."

यहुदी म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही. कोणीतरी त्यांना ढकललं, ते कमरेवर आपटले. तेव्हा गिरजाबाई ओरडली नाही, रडली नाही, नुसती पुढे येऊन त्या उंच माणसाला म्हणाली, "झालं तुह्यं? लेकरं उपाशी ठेवली ना? जाय आता घरी, जेव."

ते गेले. जाताना बजावून गेले की हा आचारी पुन्हा दिसला तर बघून घेऊ. ते वळेपर्यंत मुलं खाली वाकली होती आणि जमिनीवरची पेज बोटांनी वाट्यांत ओढत होती. मातीसकट. माझं काम होतं त्यांना थांबवणं, जुलाब होतील म्हणून. मी थांबवलं नाही.

पटेल जागचे हलले नव्हते. मला म्हणाले, "बाई, तू मले खोटं काहून सांगतलं?" दुपारी आमचं सामान त्यांच्या ओसरीवर बाहेर काढून ठेवलेलं होतं, नीट घडी करून. आम्ही गिरजाबाईकडे राहायला गेलो. कादरभाई सुजलेल्या हाताने देग ट्रकवर चढवून वारासिवनीला निघून गेले होते. मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं.

काका भिंतीला टेकून पडले होते, कंबर शेकत. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "चूल आपण पेटवायला हवी होती."

वारासिवनी

रविवारी सकाळी मुलं आली. देग नाही, चूल थंड, तरी येऊन भिंतीशी बसली. गिरजाबाईने घरातल्या पातेल्यात होईल तेवढं केलं, ते सहा जणांना पुरलं. तिचा नातू आदल्या दिवसापेक्षा सुस्त होता. मी त्याची नाडी पाहिली आणि बसची वेळ विचारली.

"एकटी जाते?" गिरजाबाईने विचारलं. "भेव नाही वाटत?"

"वाटते."

"मले बी वाटते तुह्यासाठी. जाय."

वारासिवनी मोठी बाजारपेठ आहे, राइस मिलांची, पण धानच नसल्यामुळे निम्म्या गिरण्या गप्प होत्या. कादरभाईंच्या मोहल्ल्यात शिरले तर दारं पटापट लागली. आदल्या दिवशीची गोष्ट तिथे पोचलेली होती. त्यांच्या दाराची साखळी निघाली नाही, फटीतून त्यांच्या बायकोने विचारलं, "कौन?"

मी काय सांगणार. म्हणाले, "मी तीच, जिनं बोट दाखवलं."

मग साखळी निघाली. कादरभाई बाजेवर बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. मी आधी नर्सचं काम केलं. हाड मोडलेलं नव्हतं. पट्टी नीट बांधली, आणि बांधता बांधताच माफी मागितली, कारण तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

ते म्हणाले, "बहनजी, आप डर गई थीं. डर तो मैं भी गया था."

"पोरं आज उपाशी आहेत. तुम्ही याल का?"

"नहीं," ते म्हणाले. "मेरे भी तीन बच्चे हैं. देग ले जाइए, छोटा वाला. आप उठा लेंगी." मग विचारलं, "एक बात बताइए. आप लोग सच में तेली हैं?"

"पणजोबांची घाणी होती. शनिवारी बंद असायची."

"हमारे दादा की भी घानी थी," ते म्हणाले. "जुम्मे को बंद रहती थी. आपने पूछा होता तो मैं भी तेली था."

त्यांची बायको चहा ठेवून गेली. मी तो प्यायले. काय चव होती ते सांगता येणार नाही.

बालाघाटला बस बदलली. राजेगावच्या बसमध्ये मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली, देग मांडीशी. बाजूला एक माणूस येऊन बसला, डोक्याला मुंडासं, हातात काठी. साधी काठी, गुरं हाकायची असेल. पण मी देग जवळ ओढून घेतला. त्याने देगाच्या काठावरून बोट फिरवलं. लग्नाच्या भांड्यांवर नाव ठोकून घेतात तसं देगावर नाव ठोकलेलं होतं, उर्दूत.

"हे तं मुसलमानाचं दिसते," तो म्हणाला. "तुमी कोन व्हा, बाई?"

पुढच्या बाकांवरची दोन डोकी मागे वळली. तेली हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. अगदी दाताशी.

"मी यहुदी आहे," मी म्हणाले. आवाज इतका चिरका निघाला की मलाच ओळखू आला नाही. "भांडं कादरभाईंचं आहे, वारासिवनीच्या. उद्या सकाळी ह्यात पोरांची पेज शिजवायची आहे. चूल मी पेटवणार आहे."

त्याने बोट काढून घेतलं, काठी उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. माझं उतरायचं ठिकाण आलं तेव्हा देग खाली उतरवायला कोणी हात लावला नाही. मी तो दोन्ही हातांनी कवटाळला आणि एकेक पायरी करत एकटीने उतरवला.